आईचा आजार मला कधी गाठेल, हे स्कॅन सांगेल का?

प्रश्न: माझं वय ३४. आईला पंचेचाळिसाव्या वर्षी विसर पडायला लागला. आता ती ५० वर्षांची आहे आणि मला कधी ओळखते, कधी 'ताई' म्हणून हाक मारते, जणू मी तिची मोठी बहीण. मामाला हेच सत्तेचाळिसाव्या वर्षी सुरू झालं. आजोबा ५३ व्या वर्षी गेले. गावात लोक म्हणायचे, त्यांना चळ लागला होता. मुंबईत आईची जनुक-तपासणी झाली, तिच्यात लवकर येणारा अल्झायमर घडवणाऱ्या प्रेसेनिलिन-१ या जनुकात दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, मलाही तो असण्याची शक्यता निम्मी आहे. मला जनुक-तपासणी नको. ते उत्तर एकदा कळलं की परत घेता येत नाही. त्यापेक्षा दरवर्षी मेंदूचा स्कॅन केला तर? आमच्या शहरातल्या एका केंद्रात एमआरआयचं पॅकेज आहे, त्यात कॉम्प्युटर मेंदूचं मोजमाप करून देतो. पेट स्कॅनबद्दलही वाचलं. आजार कोणत्या वर्षी येईल हे त्यातून कळेल का? मला सहा वर्षांची मुलगी आहे, दुसरं मूल हवं आहे. धाकट्या भावाचं लग्न ठरतंय, त्याला यातलं काही माहीत नाही. आणि आई ताई म्हणते तेव्हा तिला दुरुस्त करू का, हेही कळत नाही.
– एक मुलगी, नाशिक

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पॅकेज घेऊ नका. पैसे भरले असतील तर परत मागा. पेट स्कॅनही सध्या नको. जनुकाचं उत्तर टाळून फक्त लक्ष ठेवायचं म्हणून तुम्ही स्कॅनकडे वळताय, पण तुमच्या वयात आणि तुमच्या घरात हा हिशेब उलटा पडतो. एमआरआय बहुधा नॉर्मल येईल, दोष तुमच्यात असो वा नसो. आणि ॲमिलॉइड, म्हणजे या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन, दाखवणारा पेट स्कॅन तुम्हाला नको असलेलं तेच उत्तर देऊन जाईल, तेही समुपदेशनाशिवाय आणि कित्येक पट खर्चात. असं का होतं ते नीट सांगतो, कारण ते समजल्यावर पुढचे निर्णय सोपे नाही, पण स्वच्छ होतात.

त्याआधी हे सदर वाचणाऱ्या इतर घरांसाठी दोन ओळी. ज्यांच्या आजीला पंचाहत्तरीत विसर पडू लागला, त्यांनी यातलं काहीही स्वतःला लावून घेऊ नये. एका जनुकातल्या दोषाने, पिढी न चुकवता, तिशी ते पन्नाशीत येणारा अल्झायमर हा एकूण अल्झायमरच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. बाजारात 'अल्झायमरचं जनुक' म्हणून जी एपीओई तपासणी मिळते ती वेगळी. ती धोका जास्त की कमी एवढंच सांगते. प्रेसेनिलिन-१ मधला दोष मात्र वारशात आला तर आजार जवळजवळ नक्की येतो, म्हणून त्याचे नियमही निराळे.

आता वेळापत्रक. अशा घरांचा सर्वांत मोठा अभ्यास २००८ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून सुरू झाला. त्याचं नाव डी.आय.ए.एन. त्यात एकाच घरातली दोष असलेली आणि नसलेली भावंडं शेजारी ठेवून तपासली गेली. प्रत्येकाचं वय त्याच्या आई किंवा वडिलांना आजार सुरू झाला त्या वयाशी ताडून 'अपेक्षित सुरुवातीला किती वर्षं उरली' असा आकडा काढला. २०१२ मध्ये १२८ जणांच्या तपासण्यांवरून चित्र पुढे आलं. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात ॲमिलॉइड-बीटा ४२ हे प्रथिन अपेक्षित सुरुवातीच्या सुमारे २५ वर्षं आधी उतरू लागतं. पेट स्कॅनवर मेंदूत साचलेलं ॲमिलॉइड १५ वर्षं आधी दिसतं, आणि मेंदूचं आकसणंही साधारण तेव्हाच मोजता येतं. मेंदूचा साखर वापरण्याचा वेग आणि घडलेल्या गोष्टींची आठवण १० वर्षं आधी घसरते. चारचौघांच्या नजरेत भरेल अशी घसरण ५ वर्षं आधी. २०१८ मध्ये मेंदूच्या एकेका भागाचा हिशेब लागला. प्रीक्युनिअस नावाचा भाग, जो डोक्याच्या मागच्या बाजूला दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या भिंतीवर असतो, तिथे ॲमिलॉइड सुमारे २२ वर्षं आधी, साखरेच्या वापरातली घट १९ वर्षं आधी आणि मेंदूची बाहेरची साल पातळ होणं १३ वर्षं आधी, असा क्रम निघाला.

हे आकडे तुमच्यावर ठेवून बघू. आईचं वय धरलं तर तुम्ही अपेक्षित सुरुवातीच्या ११ वर्षं अलीकडे आहात. दोष तुमच्यात आला नसेल, आणि ती शक्यता पुरेपूर निम्मी आहे, तर यातलं काहीच तुमच्या डोक्यात घडत नाही. आला असेल तर ॲमिलॉइड साचायला कदाचित दहाएक वर्षं होऊन गेलेली असतील. म्हणजे चौतिसाव्या वर्षी तुमच्या घरातल्या माणसाचा ॲमिलॉइड पेट सकारात्मक आला, तर त्याचा दुसरा अर्थच उरत नाही. या वयात बाकीच्यांत ॲमिलॉइड दिसत नाही. अमेरिकेतल्या अणुवैद्यक आणि अल्झायमर तज्ज्ञांनी २०१३ मध्ये ॲमिलॉइड पेट कुठे करू नये याची यादी केली. जनुक-तपासणीच्या बदली हा स्कॅन करणं त्या यादीत अयोग्य म्हणून स्पष्ट लिहिलं आहे. त्यातून स्कॅन नकारात्मक आला तरी सुटका नाही, कारण अशा घरांतल्या काही विरळ बदलांत साचलेल्या प्रथिनाला पेट स्कॅनसाठी टोचलेलं किरणोत्सारी द्रव्य धड चिकटतच नाही.

एमआरआयचं दुखणं निराळं आहे. 'मेंदूची साल १३ वर्षं आधी पातळ होते' हे गटाच्या सरासरीचं वाक्य आहे. पाचवीच्या वर्गाची सरासरी उंची चौथीपेक्षा जास्त भरते, पण एकाच मुलाची उंची मोजून तो कुठल्या वर्गात आहे हे सांगता येत नाही. तसंच इथे. दोष असलेल्या शंभर जणांची सरासरी बिघडलेली असली तरी त्यातल्या एकट्याची फिल्म रेडिओलॉजिस्टच्या दिव्यासमोर धरली तर ती अगदी निरोगी दिसू शकते. आम्हाला काळजी आहे ती या नॉर्मल अहवालाची. तो हातात पडला की घरात पेढे वाटले जातात, दुसऱ्या मुलाचा निर्णय त्यावर होतो, भावाला सांगणं पुढे ढकललं जातं. आणि त्या कागदाने मूळ प्रश्नाला हातही लावलेला नसतो.

'कॉम्प्युटर मोजमाप करतो' या भागाचा आकड्यांत विचार करा. प्रौढ मेंदू साधारण १२०० मिलिलीटर धरू. निरोगी मध्यमवयात तो वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आत कमी होतो. ०.३ टक्के धरले तर ३.६ मिलिलीटर, चहाचा एक चमचाही भरत नाही. स्मृतीशी जोडलेला हिप्पोकॅम्पस एका बाजूचा जेमतेम तीन-साडेतीन मिलिलीटरचा. त्यातला एक टक्का म्हणजे पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी. आता मशीन बदललं, सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली, डोकं किंचित हललं, त्या दिवशी पाणी कमी प्यायलं गेलं, तर एवढा फरक नुसत्या मापातच पडतो. त्या अहवालात 'तुमच्या वयाच्या लोकांत तुमचा हिप्पोकॅम्पस पंधराव्या पायरीवर' असं काहीतरी छापून येईल. त्याचा अर्थ एवढाच, की शंभर निरोगी माणसांतल्या पंधरा जणांचा तुमच्याहून लहान आहे. शिवाय ते शंभर जण कुठले? बरीचशी सॉफ्टवेअर पाश्चात्त्य मेंदूंशी तुलना करतात. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१९ मध्ये शंभर तरुण भारतीयांच्या स्कॅनवरून नकाशा केला, तेव्हा भारतीय मेंदूची सरासरी उंची, रुंदी आणि आकारमान पाश्चात्त्यांहून कमी भरलं. जन्मजात लहान असणं आणि आकसून लहान होणं यांतला भेद एका स्कॅनला कळत नाही. आणखी एक त्रास असा, की लक्षणं नसलेल्यांच्या एमआरआयमध्ये शंभरातल्या दोन-तीन जणांत भलतंच काही सापडतं, एखादी गाठ नाहीतर रक्तवाहिनीचा फुगवटा. बहुतेकदा त्याला उपचार लागत नाहीत, पण धास्ती मात्र कायमची घरात येते.

मग स्कॅनवरून सुरुवात ओळखता येते हे खोटं का? नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये निक फॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एका घरातल्या सात जणांचे वारंवार घेतलेले एमआरआय प्रसिद्ध केले. त्या काळात त्यातल्या तिघांना लक्षणं सुरू झाली, आणि त्यांचा हिप्पोकॅम्पस लक्षणांच्या आधीच आकसू लागलेला दिसला. तेव्हापासून तंत्र खूप पुढे गेलं. पण ते चालतं कुठे ते बघा: तेच माणूस, तेच मशीन, तीच सेटिंग, वर्षानुवर्षं, आणि आकाराऐवजी आकसण्याचा वेग मोजून. हा वेग वाढतो तो सुरुवात जवळ आल्यावर. दुसऱ्या प्रथिनाचा, टाऊचा, पेट स्कॅनही बराचसा तसाच वागतो. त्यामुळे स्कॅन 'आता जवळ आलंय' एवढं सांगू शकतो. दहा-बारा वर्षं आधी नेमकं वर्ष सांगणं त्याच्या आवाक्यात नाही.

नेमकं वर्ष नाही तर निदान अंदाज? त्यासाठी सर्वांत चांगलं साधन तुमच्या घरात फुकट आहे. २०१४ मध्ये अशा ३८७ घराण्यांतल्या तीन हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली गेली. आजार सुरू होण्याचं वय सर्वांत चांगलं सांगितलं ते दोन गोष्टींनी: नेमका दोष कोणता, आणि आई-वडिलांना तो कोणत्या वयात सुरू झाला. तुमच्याकडे ४५ आणि ४७ हे दोन आकडे आहेत. दोष असल्यास चाळिशीचा मध्य, दोन्ही बाजूंना काही वर्षं सोडून, एवढी खिडकी धरता येते. तारीख नाही.

ही खिडकी नीट बसवायची तर एक काम करा. वहीत आजार झालेल्या प्रत्येकासाठी एक पान घ्या. 'निदान कधी झालं' ही तारीख वेगळी आणि 'पहिला बदल कधी' ही वेगळी लिहा, कारण या दोहोंत कित्येकदा दोन-तीन वर्षं जातात. पहिला बदल माणसांच्या आठवणीत सापडत नाही, कागदांत सापडतो. भिशीचा हिशेब कधी चुकू लागला, बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक कधी परत पाठवला, कामावरून पहिला ठपका कधी आला, वीजबिल दोनदा कधी भरलं गेलं. आजोबांबद्दल 'चळ' असं म्हणणाऱ्या गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, की तेव्हा शेतावर कोण जात होतं, आणि तुमच्या आईचं लग्न तोवर झालं होतं का? लग्नाबारशाच्या आधाराने वर्ष सापडतं. अंगाला झटके येणं, फिट येणं, पाय ताठरणं हेही टिपून ठेवा; प्रेसेनिलिनच्या काही घरांत ते दिसतं.

खिडकीसुद्धा कधी साफ चुकते. कोलंबियातल्या अँतिओकिया प्रांतात प्रेसेनिलिन-१ चा एकच दोष असलेलं जगातलं सर्वांत मोठं घराणं आहे. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी अनेक दशकं त्यांचा सांभाळ आणि अभ्यास केला. तिथे पहिली घसरण साधारण ४४ व्या आणि डिमेन्शिया ४९ व्या वर्षी येतो. पण २०१९ मध्ये त्याच घराण्यातल्या एका बाईची हकिकत प्रसिद्ध झाली. तिला सत्तरीपर्यंत काही झालं नव्हतं. तिचा मेंदू ॲमिलॉइडने गच्च भरलेला होता, टाऊ मात्र थोडा. एपीओई जनुकाच्या एका अतिविरळ रूपाच्या दोन्ही प्रती तिच्याकडे होत्या, आणि त्यांनी तिला वाचवलं असा निष्कर्ष निघाला. ॲमिलॉइडच्या स्कॅनवरून तिचं भविष्य सांगितलं असतं तर तीस वर्षांची चूक झाली असती. तुमच्या बाबतीत असं होईल म्हणून हे सांगत नाही, अशी माणसं अगदी मोजकी आहेत. स्कॅन सकारात्मक आला तरी त्यावर वर्ष लिहिलेलं नसतं, एवढ्यासाठी सांगितलं.

आता पुढे काय करायचं ते. पहिली गाठ न्यूरॉलॉजिस्टपेक्षाही जनुकीय समुपदेशकाची घ्या. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत ते भेटतात, बेंगळुरूच्या निम्हान्समध्येही अशा घरांचा अनुभव आहे. समुपदेशन म्हणजे तपासणीला होकार नव्हे. चार वेळा भेटून तपासणी न करता परत येणारी माणसं पुष्कळ, आणि त्यांचा निर्णयही पूर्ण निर्णय असतो.

तिथे सर्वांत आधी आईच्या अहवालातलं वर्गीकरण तपासायला सांगा. दोषापुढे 'रोगकारक' लिहिलं आहे की 'अर्थ अनिश्चित'? दुसरा शब्द असेल तर त्या बदलावरून तुमचं काहीच ठरवता येत नाही, आणि तुम्ही आजवर काढलेल्या रात्री कदाचित चुकीच्या शब्दापायी गेल्या. तेव्हा मामाच्या रक्तातही तोच बदल आहे का हे बघणं उपयोगी पडतं, अर्थात त्यांच्या घरच्यांच्या संमतीने. 'रोगकारक' असेल आणि कधीकाळी तुम्हाला तपासणी करावीशी वाटली, तर फक्त तेवढा एकच बदल शोधायची तपासणी मागा. शेकडो जनुकांचं पॅनल नको. त्यातून नवे अनिश्चित शब्द घरात येतात. (ज्या घरांत विसरण्याआधी स्वभाव बदलतो, किंवा सोबत स्नायू झिजतात, त्यांनी हेही ऐकावं: सी-नाइन-ओआरएफ-७२ या जनुकातला दोष म्हणजे अक्षरांची लांबलचक पुनरावृत्ती, आणि नेहमीच्या पॅनलमध्ये ती सापडत नाही. तिची तपासणी वेगळी सांगून करावी लागते. पॅनल कोरं आलं म्हणून निश्चिंत झालेल्या घरांची इथे फसगत होते.)

भविष्य सांगणाऱ्या तपासणीची रीत हंटिंग्टनच्या आजारासाठी घालून दिलेली आहे, तीच इथे पाळायची. आधी समुपदेशन, मग विचाराला काही आठवडे, मग रक्त, मग उत्तर समोरासमोर, सोबत विश्वासाचं माणूस. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर उत्तर देणारी जागा निवडू नका. रक्त दिल्यानंतरही 'आता ऐकायचं नाही' म्हणण्याचा हक्क तुमचा असतो, लिफाफा न उघडता. मुलीची तपासणी ती सज्ञान होऊन स्वतः मागेपर्यंत करू नये, कुणी कितीही आग्रह केला तरी.

तपासणी करायचीच नसेल तरी पायाभूत नोंद ठेवता येते, आणि तिला आम्ही पॅकेजपेक्षा कितीतरी वरचं स्थान देतो. स्मृती, भाषा, लक्ष, नियोजन यांची सविस्तर चाचणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून मराठीतून करून घ्या. इंग्रजीतल्या यादीवर अडखळणारी माणसं मराठीत सरळ बोलतात, म्हणून भाषेचा आग्रह धरा. दीड-दोन वर्षांनी पुन्हा, त्याच केंद्रात. त्याहून लवकर केली तर प्रश्न पाठ झालेले असतात आणि गुण खोटे वाढतात. मधल्या काळात किल्ली विसरली, नाव आठवलं नाही, की लगेच आईचा आजार आठवणार. तेव्हा आधी बी-१२, थायरॉइड, झोप आणि मनाची उदासी तपासा. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास असते, की विसरण्याचं कारण कधीकधी तिथेच सापडतं, आणि ते दुरुस्त होऊ शकतं.

आणि पुढे कधी न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्याने, सगळं समजून, तुलनेसाठी एक एमआरआय करून ठेवावासा वाटला तर तो असा करा: तीन टेस्लाचं मशीन, टी-वन त्रिमितीय चित्र सर्व बाजूंनी एक मिलिमीटरच्या जाडीचं, सोबत फ्लेअर आणि सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारी एसडब्ल्यूआय मालिका. रंगद्रव्याचं इंजेक्शन यासाठी लागत नाही. फिल्मवर समाधान मानू नका, मूळ डायकॉम फाइल पेन-ड्राइव्हवर घ्या आणि मशीनचं नाव-मॉडेल वहीत लिहा. पुढचा स्कॅन वर्षाच्या आत नको, आणि दोन स्कॅनवरून कल काढू नका. निदान तीन हवेत. गरोदर राहण्याचा विचार सुरू असताना पेट स्कॅनचा विषय तर बंदच ठेवा.

दुसऱ्या मुलाचा प्रश्न स्कॅनची वाट बघत थांबवण्यात अर्थ नाही, स्कॅनला तो सुटणारच नाही. वाटा मोजक्याच आहेत. काहीही न तपासता मूल होऊ देणं, ही एक. दुसरी, आयव्हीएफ करून भ्रूण गर्भाशयात ठेवण्यापूर्वी त्यात घरातला दोष आहे का ते बघणं. भारतात हे नोंदणीकृत केंद्रातच करता येतं, आणि लिंग कुठल्याही टप्प्यावर सांगितलं जात नाही. यात एक बारीक वाट अशीही आहे, की तुमचा स्वतःचा निकाल तुम्हाला न सांगता दोषमुक्त भ्रूण निवडले जातात. मात्र केंद्राच्या लोकांना तो माहीत असतो आणि एखाद्या शब्दातून, चेहऱ्यावरून तो तुमच्यापर्यंत पोहोचू शकतो, म्हणून अशी पद्धत खरोखर राबवणारं केंद्र आहे का ते समुपदेशकाकडून आधी पक्कं करा. तिसरी वाट गर्भारपणात गर्भाची तपासणी. तुम्हाला स्वतःचं उत्तर नको असेल तर आम्ही ती सुचवणार नाही, कारण गर्भात दोष निघाला तर तुमच्यातही आहे हे त्याच क्षणी कळतं. वयाचा मुद्दाही सरळ सांगायला हवा: आयव्हीएफ करायचं तर पस्तिशीनंतर यश कमी होत जातं. म्हणून समुपदेशकाची पहिली भेट या महिन्यात घ्या.

विम्याचं काम तपासणीच्या आधी उरका. मुदतीच्या आयुर्विम्याच्या अर्जात आई-वडिलांच्या आजाराचा प्रश्न असेल तर खरं लिहा, पण न झालेल्या तपासणीचा निकाल लिहायची वेळच येत नाही. पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे कंपनीला ती कुठल्याही कारणाने वादात ओढता येत नाही. आरोग्यविम्यात निव्वळ जनुकीय आजार म्हणून दावे नाकारू नयेत, अशी सूचना विमा नियामकाने २०१८ मध्ये कंपन्यांना दिली आहे.

औषधाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण रात्री इंटरनेटवर शोधलं असणारच. लक्षणांआधी घ्यायचं मान्यताप्राप्त औषध आज नाही. प्रयोग मात्र चालू आहेत. डी.आय.ए.एन.च्या औषध-चाचणीत गँटेनेरुमॅब हे ॲमिलॉइड हटवणारं औषध लक्षणं नसलेल्या २२ जणांना सरासरी आठ वर्षं मिळालं. त्यांच्यात लक्षणं सुरू होण्याचा धोका सुमारे निम्म्यावर आला, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. गट लहान आहे, आणि नेहमीच्या अल्झायमरमध्ये ते औषध अपयशी ठरल्यामुळे कंपनीने त्याचं काम थांबवलं. तरी ॲमिलॉइड खूप आधी आणि खूप काळ हटवलं तर फरक पडू शकतो, ही आशा त्या २२ जणांनी ठोस केली. अशा घरांसाठी त्या संस्थेची जगभरची नोंदवही आहे. या अभ्यासांत स्वतःचा जनुकीय निकाल न जाणून घेताही भाग घेता येतो, आणि तिथले स्कॅन एका ठरलेल्या रीतीने होतात. म्हणजे दरवर्षी स्कॅन करण्याची तुमची कल्पना जिथे खरोखर कामी येते अशी जागा हीच, मग तिथे पोहोचणं अवघड असलं तरी.

भावाला सांगा, आणि लग्नाआधी सांगा. पण आईचा अहवाल सांगायचा, त्याचं भविष्य नव्हे. 'आईला जो आजार आहे तो वारशाने येतो, आपल्या दोघांनाही शक्यता निम्मी-निम्मी आहे, तपासणी करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं', एवढी तीन वाक्यं पुरतात. दोघांची शक्यता एकमेकांवर अवलंबून नसते. 'एकाला आला म्हणजे दुसरा सुटला' हा समज आपल्याकडे फार आहे, तो त्याच बैठकीत खोडून काढा. होणाऱ्या बायकोला सांगणं हे त्याचं काम. पण ते त्यानेच आणि आधी करावं, पत्रिका छापल्यावर नव्हे. जेवणाच्या ताटावर किंवा मोटारसायकलवर हा विषय काढू नका. सुट्टीच्या दिवशी, दुपारी, आणि त्या रात्री त्याला एकट्याला सोडू नका. तुम्हाला किंवा त्याला रात्री-अपरात्री फार जड झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं.

राहिली आई. ती 'ताई' म्हणते तेव्हा दुरुस्त करू नका. 'मी ताई नाही, तुझी मुलगी' हे वाक्य तिच्यापर्यंत फक्त चूक झाल्याची शरम घेऊन पोहोचतं, ओळख घेऊन नाही. त्या हाकेला ओ द्या, हात हातात घ्या, आणि मावशी लहानपणी तिच्याशी कसं बोलत असे ते मावशीला विचारून ठेवा; कोणती गोष्ट सांगायची, वेणी कशी घालायची, कोणत्या नावाने चिडवायची. संध्याकाळी दिवेलागणीला तिची घालमेल वाढत असेल तर त्याच वेळी ते वापरून बघा.